शोधाच्या वाटेवरचे धर्मानंद कोसंबी

स्मरणिका समितीने आम्हाला एखाद्या थोर माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. आम्ही साखर कारखान्यातला कामगार माणूस. गाळपाचा हंगाम चालू झाला की पाळी सांभाळून जेवढे वाचन होईल तेवढे आमचे शिक्षण. तरी पण आम्ही आनंदाने होकार दिला. कारण आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्याबद्दल लिहायचे आमच्या मनात दोन वर्षांपासून होते. का होते, ते आधी सांगतो.

दोन वर्षांमागे बुद्धपौर्णिमेला आपल्या विहारात आम्ही नेहमीप्रमाणे भगवंतांचे चरित्र सांगत होतो. सिद्धार्थ राजपुत्र रथातून बाहेर पडला, त्याने म्हातारा पाहिला, आजारी पाहिला, प्रेत पाहिले, संन्यासी पाहिला, आणि एका रात्री बायको-पोर झोपलेले असताना तो घोड्यावर बसून निघून गेला. वीस वर्षे आम्ही ही गोष्ट सांगत आलो. बायाबापड्यांच्या डोळ्याला पाणी यायचे, आम्हालाही बरे वाटायचे. त्या दिवशी आपल्याच गल्लीतली नववीतली एक मुलगी उठली आणि विचारती झाली की काका, महामाया तर सातव्या दिवशीच वारली होती, मग त्या घरात मरण कुणाला ठाऊक नव्हते असे कसे? आणि एकोणतीस वर्षांत शुद्धोदनाचे स्वतःचे केस पिकले नाहीत का?

आम्ही वेळ मारून नेली. श्रद्धेचा विषय आहे बेटा, असे काहीतरी बोललो. पण घरी आल्यावर झोप आली नाही. अरे, श्रद्धेचा विषय आहे म्हणून गप्प बसवणारी माणसं आपल्या आज्या-पणज्यांनी कमी पाहिली का? आणि आता तेच वाक्य आमच्या तोंडून निघालं! ते सुद्धा विहारात, बाबासाहेबांच्या फोटोखाली उभं राहून.

दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ पुन्हा उघडला. पहिलीच प्रस्तावना. जी आम्ही दरवेळी ओलांडून पुढे जायचो ती! तिच्यात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत आणि त्यातला पहिला प्रश्न हाच की भगवंतांनी प्रव्रज्या का घेतली. चार दृश्यांची गोष्ट बुद्धीला पटत नाही हे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं आहे, आणि पुढे शाक्य व कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचा प्रसंग दिला आहे. म्हणजे उत्तर आमच्या कपाटातच होते. मग मनात आले, हा पाण्याचा तंटा मुळात लिहिला आहे कुठे? ते शोधता शोधता नगरच्या जिल्हा वाचनालयात आमच्या हाती एक जुने पुस्तक पडले, ‘भगवान बुद्ध’, लेखक धर्मानंद कोसंबी. त्याचे दोन भाग १९४० आणि १९४१ साली निघाले. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या पंधरा वर्षे आधी. ते वाचताना आम्हाला एक गोष्ट कळली, की हा माणूस जे सांगतो ते कुठून घेतलं हे जागोजागी दाखवतो. अमुक निकाय, तमुक सुत्त, ही गोष्ट जुनी, ही नंतर चिकटलेली. तेव्हा हा माणूस कोण, याचा आम्ही शोध घेतला.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचे राज्य होते. घर सारस्वत ब्राह्मणाचे, नारळी-पोफळीवर चालणारे. शाळा म्हणावी तर थोडीशी मराठी. प्रकृती अशक्त, पुढे घरच्या माडांची राखण हेच काम. मोठ्या कॉलेजात शिकून पंडित झालेला हा माणूस नव्हे, हे आपल्या पोरांनी ध्यानात घ्यावे. लहान वयात लग्न झाले, संसारात मन लागेना, तुकोबांचे अभंग वाचावेत आणि उदास बसावे असे चालले होते. अशात ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकात आलेले बुद्धाचे एक छोटेसे चरित्र त्यांच्या वाचनात आले. मुलांच्या मासिकातली काही पाने, बस्स. पण त्यांना वाटले, हाच माझा गुरू, आता याच्याबद्दल सगळी माहिती मिळवायची.

आता विचार करा, १८९९ साल. मराठी मुलुखात बौद्ध धम्म उरला होता तो लेण्यांच्या दगडात. विहार नाही, भिक्खू नाही, पाली शिकवणारा कुणी नाही. आज आपल्या मुलाला काही माहिती पाहिजे असली तर तो खिशातून मोबाईल काढतो, आणि चार ओळी वाचून त्याचे समाधानही होते. कोसंबींना तर कुणाला विचारायचं हेच माहीत नव्हतं. तर त्यांनी काय केलं, ज्याला आपल्यापेक्षा थोडे अधिक कळते त्याच्याकडे ते गेले. त्याने सांगितले त्याच्या पुढच्याकडे गेले. एका दारातून दुसऱ्या दारात.

पहिले दार पुण्याचे. १८९९ च्या अखेरीस ते घर सोडून पुण्यात आले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. भांडारकरांकडून कळले की हा धर्म जिवंत आहे तो नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेशात, पण आधी संस्कृत शिकून घ्यावे. मग संस्कृतासाठी ग्वाल्हेरहून काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचे आणि व्याकरण घोकायचे. संस्कृत बऱ्यापैकी आल्यावर १९०२ साली ते नेपाळात गेले. भगवंतांचा जन्म त्या बाजूचा, तिथे तरी शुद्ध धम्म सापडेल ही आशा. पण काठमांडूला त्यांना जे दिसले ते कर्मकांड आणि पूजाअर्चा. ते फार निराश झाले. एवढी तंगडतोड करून हाती काय, तर काही नाही! आमच्यासारखा तिथूनच परत फिरला असता.

ते परत फिरले नाहीत. बुद्धगयेला आले. तिथल्या भिक्खूंकडून त्यांना कळले की खरा अभ्यास करायचा तर पाली भाषा शिकली पाहिजे आणि ती सिंहलद्वीपात शिकायला मिळेल. त्याच साली कलकत्त्यामार्गे ते कोलंबोला पोचले. विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली पाली शिकले, श्रामणेर झाले. तिथलं खाणं मानवेना, तब्येत बिघडली, तेव्हा मद्रासला आले, पुढे ब्रह्मदेशात गेले, ध्यान शिकले. तिथून परत येऊन भगवंतांची पवित्र ठिकाणे पाहिली. सिंहली लिपी, ब्रह्मदेशी लिपी वाचायला शिकले, कारण ग्रंथ त्या लिपीत होते. आपल्याला देवनागरीत पाहिजे म्हणून ग्रंथ थोडेच थांबणार होते!

इथे एक गोष्ट न लिहिता पुढे जाणे आम्हाला बरोबर वाटत नाही. कोसंबी निघाले तेव्हा घरी त्यांच्या पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती. सहा-सात वर्षे हा माणूस देशोदेशी हिंडला आणि त्या बाईने माहेर-सासरच्या आधाराने दिवस काढले. ज्ञानाच्या शोधाचा खर्च कुणीतरी घरात बसून भरत असतो. रमाईचे नाव आपण घेतो तसे बाळाबाईंचे कुणी घेत नाही. १९०६ च्या सुमारास कोसंबी चीवर सोडून पुन्हा संसारात आले. पुढे त्यांना मुलगा झाला. तो म्हणजे प्रसिद्ध गणिती व इतिहाससंशोधक दामोदर कोसंबी.

कलकत्त्यात कोसंबी पाली शिकवू लागले होते, चांगला पगार मिळत होता. पण मनात एकच होते की हे सगळे आपल्या मराठी माणसापर्यंत गेले पाहिजे. तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी महिना ५० रुपये देऊ केले, अट एवढीच की महाराष्ट्रात राहून काम करावे. कोसंबींनी कलकत्त्याचा मोठा पगार सोडला आणि हे ५० रुपये पत्करले. याच सयाजीरावांनी पुढे तरुण भीमरावांना अमेरिकेला जायला शिष्यवृत्ती दिली, हे आपल्याला माहीतच आहे. बडोद्यात कोसंबींची व्याख्याने झाली, ती ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० साली छापली गेली. मुंबई विद्यापीठात पाली विषय यावा म्हणून त्यांनी खटपट केली. १९१२ पासून सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते पालीचे प्राध्यापक होते. मराठी चार इयत्ता धड न झालेला माणूस कॉलेजात प्राध्यापक!

त्याच्याआधी १९१० साली ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले होते. आचार्य बुद्धघोषांचा ‘विसुद्धिमग्ग’ हा मोठा ग्रंथ वॉरन नावाच्या अमेरिकन विद्वानाने संपादन करायला घेतला होता, पण १८९९ साली ते वारले. ते अपुरे काम कोसंबींकडे आले. वेगवेगळ्या लिपींतल्या पोथ्या समोर ठेवायच्या, ओळीला ओळ लावायची, कुठे अक्षर चुकलंय, कुठे शब्द गळालाय ते पाहायचं. महिनोन्‌महिने हेच. आणि शेवटी संपादक म्हणून कुणाचे नाव कसे छापायचे यावरून तिथल्या प्राध्यापक लॅनमन यांच्याशी त्यांचे बिनसले आणि १९१२ च्या सुरुवातीला ते परत आले. पुढे त्याच कामासाठी ते पुन्हा तीनदा तिकडे गेले. ग्रंथ छापून बाहेर पडला १९५० साली. तेव्हा कोसंबींना जाऊन तीन वर्षे झाली होती. आपल्या देशात देवनागरीत मात्र त्यांनी तो १९४० साली स्वतः काढला.

आता त्यांच्या शोधाची रीत सांगतो. यासाठीच खरे तर हा लेख आहे.

आपल्या जिल्ह्यात नेवाशाला प्रवरेच्या काठी पांढरीचे टेकाड आहे. तिथे १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलियांनी उत्खनन केले. एकदम खड्डा पाडून सापडेल ते उचलायचे, असे ते काम नसते. वरचा थर काढायचा, त्याची नोंद करायची, मग खालचा. वरच्या थरातली बांगडी खालच्या थरातल्या भांड्याबरोबर ठेवली की सगळा इतिहास खोटा झाला. कोसंबींनी त्रिपिटकाचं असंच केलं. त्रिपिटकात सगळंच एका काळातलं नाही. काही सुत्ते फार जुनी, काही नंतरची, आणि अट्ठकथा तर कितीतरी शतकांनंतर लिहिलेल्या. मग जुने कोणते हे ठरवायचे कसे?

त्यासाठी त्यांनी आधार घेतला सम्राट अशोकाच्या दगडाचा. राजस्थानात बैराटजवळ १८४० साली एक शिलालेख सापडला, त्याला भाब्रूचा लेख म्हणतात. सध्या तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत आहे. त्यात अशोक राजाने संघाला वंदन करून सात धम्मग्रंथांची नावे दिली आहेत, आणि भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका या सगळ्यांनी ते ऐकावेत, मनात धरावेत अशी इच्छा सांगितली आहे. उपासिका सुद्धा, बरं का! पण अडचण ही की त्या नावांची सुत्ते त्रिपिटकात तशीच्या तशी सापडत नाहीत. काही युरोपियन विद्वानांनी आधी प्रयत्न केले होते. कोसंबींनी एकेक नाव घेतले, त्यातला विषय काय असेल ते पाहिले, निकाय चाळले, आणि कोणते नाव कोणत्या सुत्ताचे ते १९१२ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या इंग्रजी नियतकालिकात मांडले. उदाहरण सांगायचे तर राहुलला खोटे बोलण्याबद्दल केलेला उपदेश मज्झिमनिकायात आहे, आणि उपतिस्स म्हणजे सारिपुत्त, तेव्हा उपतिस्साचा प्रश्न म्हणजे सुत्तनिपातातले सारिपुत्तसुत्त. सातांपैकी तीन त्यांनी सुत्तनिपातात दाखवली. म्हणजे अशोकाच्या वेळी जे लोकांच्या तोंडी होते त्यात सुत्तनिपातातले भाग होते. दगडावरचे अक्षर नंतर कुणाला घुसडता येत नाही. तेव्हा सुत्तनिपाताची साक्ष मोठी.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. चार दृश्यांची गोष्ट कुठून आली? कोसंबींनी दाखवले की दीघनिकायातल्या महापदानसुत्तात ही गोष्ट आहे, पण ती आपल्या गौतम बुद्धांची नाहीच. ती विपस्सी नावाच्या फार पूर्वीच्या बुद्धाची म्हणून सांगितली आहे. मागाहून ती गौतमाच्या चरित्रात आली. दुसरे, कपिलवस्तूत भरंडु कालाम नावाच्या तपस्व्याचा आश्रम होता असे अंगुत्तरनिकायात येते. मग गावातच आश्रम असताना राजपुत्राने एकोणतीस वर्षे संन्यासी पाहिला नाही, हे कसे पटावे? तिसरे, रात्रीचे गुपचूप पळून जाणे. मज्झिमनिकायातल्या अरियपरियेसनसुत्तात भगवंत स्वतः आपली हकीगत सांगतात. तिच्यात आईबाप रडत असताना केस-दाढी काढून घर सोडल्याचे आहे. समोर रडत होते म्हणजे त्यांना माहीत होते. तिथे घोडा नाही आणि मध्यरात्र पण नाही.

मग गेले कशासाठी? इथे सुत्तनिपात कामाला आले. त्यात अत्तदण्डसुत्त नावाचे सुत्त आहे. माणसे शस्त्र हाती घेतात त्यातून भय उत्पन्न होते, आणि आटत चाललेल्या पाण्यात मासे तडफडावेत तशी एकमेकांविरुद्ध तडफडणारी माणसे पाहून आपल्याला वैराग्य कसे आले, असा त्याचा आशय. हे कुणी दुसऱ्याने नव्हे, भगवंतांनी स्वतः सांगितल्याच्या रूपात आहे. आणि अट्ठकथांमध्ये शाक्य-कोलीयांचे भांडण आले आहे. रोहिणी नदी मध्ये, दोन्ही बाजूंना शेती, उन्हाळ्यात पाणी कमी पडले, पाणी आधी कुणाच्या पिकाला यावरून राबणाऱ्या मजुरांत बाचाबाची झाली, ती वर मालकांपर्यंत गेली आणि दोन्हीकडून शस्त्रे निघाली. अट्ठकथा सांगतात की भगवंतांनी मध्ये पडून ते भांडण मिटवले, म्हणजे बुद्ध झाल्यानंतरची गोष्ट. पण असे तंटे एका सालात उपजत नाहीत. सिद्धार्थाने तरुणपणी ते पाहिलेच असणार, आणि नातलगांवर शस्त्र धरण्याच्या किळसेतून तो बाहेर पडला, असा तर्क कोसंबींनी केला. याच विषयावर त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले.

तर्क, असे आम्ही मुद्दाम लिहिले. सुत्तातले काय, अट्ठकथेतले काय आणि आपले अनुमान काय हे कोसंबी कालवून टाकत नाहीत. आम्ही आजपर्यंत भाषणात तिन्ही एका ताटात वाढत होतो.

आणि नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज आहे काय? भंडारदरा, मुळा, आणि खाली पैठणला जायकवाडी. २००५ सालचा पाण्याचा कायदा झाल्यापासून कमी पावसाच्या वर्षी वरच्या धरणांतले पाणी खाली सोडायची वेळ आली की काय होते ते आपण पाहिले आहे. पोलीस बंदोबस्त, मोर्चे, कोर्ट. वरचेही आपलेच पाहुणे आणि खालचेही आपलेच सोयरे. आमची थोरली मुलगी गोदावरीच्या पलीकडे दिलेली आहे. अशा एका सालात जावई आणि आम्ही दिवाळीला धड बोललो नाही, पाण्यावरून. रोहिणीचा तंटा आम्हाला पुस्तकातून समजला त्याच्यापेक्षा जास्त त्या दिवाळीत समजला असेल.

कोसंबींचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आले. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात ते राहिले, रशियात लेनिनग्राडला जाऊन आले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. गांधीजींकडे त्यांचा ओढा होता आणि त्यामुळे आपल्या चळवळीतली माणसे त्यांच्याकडे जरा सावधपणे पाहत. पुणे कराराच्या नंतरचे दिवस होते ते, साहजिकच होते. १९३७ साली मुंबईत परळला, गिरणगावात, त्यांनी बहुजन विहार चालू केला. पैसा बिर्लांनी दिला होता. कामगारांच्या आणि आपल्या अस्पृश्य बांधवांच्या वस्तीत, गिरण्यांच्या भोंग्यांत हा पंडित राहिला, दोनेक वर्षे. १९३९ साली त्यांनी तो विहार सोडला. लोक त्यांच्याकडे आले नाहीत की ते लोकांपर्यंत पोचले नाहीत, दोन्ही थोडे थोडे असावे. बिर्लांच्या पैशाचा विहार म्हटल्यावर आमचे वडीलधारे काय म्हणाले असतील ते आम्ही ओळखू शकतो. पण जे पुस्तक आम्हाला वीस वर्षांच्या चुकीतून बाहेर काढते ते या परळ सोडलेल्या माणसाने पुढच्या दोन वर्षांतच छापले, हेही खरे.

म्हातारपणी प्रकृती ढासळली. दुसऱ्यावर ओझे नको म्हणून अन्न सोडून देह ठेवायचे त्यांनी ठरवले. १९४६ साली गांधीजींनी त्यांना त्यातून परतवले होते. पण पुढे सेवाग्रामला त्यांनी पुन्हा उपवास धरला आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे निधन झाले. बौद्ध म्हणून आम्हाला ही रीत पटत नाही. देह झिजवून काही मिळत नाही, हे भगवंतांनीच उरुवेलेच्या तपानंतर ठरवले होते, आणि ते कोसंबींइतके कुणाला माहीत असणार? आपल्यामागे पाली शिकायला मुलांना सिंहलद्वीपात पाठवावे अशी त्यांची शेवटची इच्छा होती.

गेल्या बुद्धपौर्णिमेला आम्ही त्याच जागी उभे राहून आमची चूक कबूल केली आणि चरित्र नव्याने सांगितले. काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही. गोष्टीतली गोडी गेली म्हणाले. ती मुलगी आता अकरावीत आहे. तिने आम्हाला नवा प्रश्न टाकला आहे, की अट्ठकथा एवढ्या नंतरच्या असतील तर रोहिणीच्या भांडणावर तरी विश्वास का ठेवायचा? तिला आम्ही श्रद्धेचा विषय आहे असे सांगितले नाही. माहीत नाही, शोधू, असे सांगितले.

या वर्षावासात विहारात दर रविवारी संध्याकाळी साडेसातला सुत्तनिपाताचे वाचन ठेवले आहे. सुरुवात अत्तदण्डसुत्ताने. पुस्तकाची प्रत एकच आहे, तेव्हा येताना प्रत्येकाने वही-पेन आणावे.

जयभीम! नमो बुद्धाय!